फाट्यावर लागलेला माझा फोटू

आये, उद्या मला नगरला दवाखान्यात नेनार हायेत. रक्त कमी हाय, म्हनून डाक्टरीन म्हनली, कळा सुरू व्हायच्या आधीच येऊन पड. पिशवी भरून झाली. जुन्या लुगड्याची धुडकी, बाळाचं टोपरं, आधार कार्ड, एक वाटी आन चमचा. पोरगी घरी हाय आन मी इथं टपरीत येऊन बसले. दुपारचं ह्या टायमाला फाट्यावर कुत्रं बी हलत न्हाई. एका मॅडमनी पोरीला चित्रं काढायला कागद दिल्ते, त्यातलेच घेतले. मी सातवीपस्तोर शिकले, ते बी निम्मं ऊसतोडीवर, तवा हात काय नीट वळत न्हाई. तुला तर वाचताच येत न्हवतं. मंग लिहिते कशाला? दुसऱ्या कुनाला सांगायची सोय न्हाई म्हनून.

माझ्या डोक्यावर, टपरीच्या मागं, मोठा बोर्ड हाय आन त्या बोर्डावर मीच हाय. तू असताना हे बोर्ड नवेनवेच हुते. आता फाट्याफाट्याला लोखंडाचा सांगाडा हुबा हाय. आज ह्या दादाचा वाढदिवस, उद्या त्या आन्नाची निवड, परवा कुनाच्या तरी म्हातारीचं दहावं. वाढदिवस असला का मधी मोठा फोटू, हात जोडलेले, डोळ्याला गॉगल, कडंनी झेंडूची माळ छापलेली. आन खाली वळीनं बारके बारके गोल, त्याच्यात शुभेच्छा देनाऱ्या पोरांची तोंडं. कुनाचं तोंड कडंला गेलं तर ते पोरगं महिनाभर रुसतं. आमची टपरी बरोबर त्या सांगाड्याच्या पायाशी. सासू म्हनती, "तोंड कुनाचं का असंना, सावली पडल्याशी मतलब." आन पोरगी चालाया लागली तवापासून गिऱ्हाईक आलं का हात जोडून, मान वाकडी करून हुबी ऱ्हाती, अगदी बोर्डावानी. लोक हसत्यात. "आल्या बगा भावी आमदार. एक कटिंग द्या त्यांच्या नावानं."

मला मातूर बोर्डाचं पैल्यापासून भ्याव वाटतं. का, ते तुलाच ठावं. कोपरगावकडं ऊस तोडायला गेल्तो तवा आपल्या कोपीवर पाचट कमी पडलं, म्हनून बानं कुठून तरी वाढदिवसाचा जुना बोर्ड आनून छपरावर टाकला हुता. तोड बंद असली त्या दिवशी उशिरापस्तोर निजायला मिळायचं. ऊन वर आलं का आतून ते तोंड दिसायचं. उलटं, फिकट, हात जोडलेलं. मी घाबरून तुझ्या पाठीमागं लपायचे. तू भाकरी थापता थापता म्हनायचीस, "भिऊ नको गं, आपला राखनदार हाय त्यो. बघ कसा हात जोडून म्हनतोय, बाई, मला थंडी वाजती, आत घ्या." मंग तू त्याला भाकरीचा तुकडा दावायचीस आन मी हसायचे. धूर डोळ्यात जायचा तरी हसायचे.

त्याच कोपीत तू गेलीस. पोट पुढं आल्तं तरी मोळ्या उचलत हुतीस. बाळ आडवं हुतं. बाया आत शिरल्या, बा बैल जुपायला पळाला. मला भाईर बसवलं हुतं, पन मी कुडाच्या फटीतून बघत हुते. बायांच्या पाठीच दिसत हुत्या. तुझं तोंड न्हाई दिसलं. वर ते तोंड दिसत हुतं, त्याच्यावर ऊन आल्तं. ते हसतच हुतं. गाडी जुपून भाईर रस्त्याला लागली, पन तवर तू गेली हुतीस. आन आये, तुझा एक बी फोटू न्हाई. तुझं तोंड आठवायला गेलं का आधी त्या मानसाचं तोंड यतं. त्याला कडंला सारावं लागतं, मंग तू. ते बी कधी यतीस, कधी न्हाई.

बानं दुसरं घर केलं आन मला मामीनं वाढवलं. तुझ्या भावजयीला तू वळखतीस. ती वाईट न्हाई. जेवायला घातलं, शाळंत घातलं, लगीन लावून दिलं. पन मला कधी लेक म्हनली न्हाई. कुनी इचारलं तर म्हनायची, "ही आमच्या ननंदंची." तिच्या पोरींना तेल लावून झालं का तळव्याला ऱ्हायलेलं माझ्या केसाला पुसायची. वाटं लावताना सगळ्या बाया रडल्या, मामी न्हाई रडली. म्हनली, "नीट ऱ्हा. रुसून परत यायचं न्हाई, हितं जागा न्हाई." मी नीट ऱ्हायले. पोरीचे पप्पा दुधाचा टेम्पो चालवत्यात, सासू तोंडानं फटकळ पन हातानं चांगली. मला काय कमी न्हाई. पन दुसऱ्यांदा दिवस गेले तवापासून मला एकच दिसतंय. मी तुझ्यावानी जानार आन माझी पोरगी कुडाच्या फटीतून बघनार. तिला तेल कोन लावील, कसं लावील.

दिवाळी झाल्यावर त्या कागदवाल्या मॅडम आल्या, स्कुटीवर, नगरच्या सावेडीहून. केस बारके, खांद्याला कॅमेरा. चित्रकार हायेत. च्या पीत पीत वर बोर्डाकडंच बघत हुत्या. मला म्हनल्या, "ताई, तुम्ही रोज ह्याच्याखाली बसता. ह्याच्यावर कधी बाई बघितली का?"

म्हनलं, "व्हय, साडीच्या दुकानाची."

"ती नाही हो. इथलीच, गावातली."

सासू आतून कपबशा धुता धुता म्हनली, "बाईचा फोटू फाट्यावर दोनदाच लागतो बाई. सरपंच झाली तर, न्हाईतर मेली तर. आन सरपंच झाली तरी नवऱ्याचा मोठा असतो."

मॅडम लई हसल्या. सासूला म्हनल्या, "आजी, हे मी लिहून ठेवते." लिहून ठेवलं बी. पन नीट आयकलं न्हाई. मी तरी कुठं आयकलं.

त्यांचं म्हननं आसं, का आपल्याकडं लोकांना चित्र बघायची सवय न्हाई, बोर्ड बघायची हाय. मंग चित्रच बोर्डावानी करायचं. तीच झेंडूची माळ, तेच गोल, त्योच सांगाडा. फक्त मधी पुढारी न्हाई, रोज राबनारी बाई. आसे पाच-सहा गावात लावायचे हुते त्यांना. ग्रामपंचायतीत जाऊन परवानगी काढून आल्या. पोरीचे पप्पा म्हनले, "लाव की. न्हाईतरी तिथंच बसती तू. खाली बी तू, वर बी तू." मी व्हय म्हनले. लोक म्हनत्यात हिला हौस आली. हौस न्हवती आये. मला सातवा लागला हुता. माझ्या मनात आलं, मी गेले तर पोरीला माझं तोंड तरी ऱ्हाईल. मोबाईल फुटतो, पान्यात पडतो. एवढा मोठा बोर्ड कुठं हरवतो?

मला टपरीपुढं किटली घेऊन हुबं केलं. मी हात जोडाया लागले तर म्हनल्या, "नको, हात नका जोडू. हसू पण नका. नुसतं बघा." नुसतं बघायचं म्हंजे काय ते मला कळंना, म्हनून मी त्यांच्या पाठीमागं डांबरीकडं बघत बसले. मंग गोलात कोन कोन, ते ठरवायचं हुतं. त्या म्हनल्या, "तुमचं चांगलं व्हावं असं कुणाकुणाला वाटतं, ते सांगा." आये, आसं मला कुनी इचारलं न्हवतं. पोरगी म्हनले. पोरीचे पप्पा. सासू म्हनली, "माझा बी घ्या, पन थांबा, पदर नीट करू द्या." गोळ्या द्यायला घरी यती ती आशाताई. चेष्टेनं आमची शेळी म्हनले, तर मॅडमनी खरंच शेळीचा फोटू घेतला. "अजून कोण?" म्हनलं, माझी आई. "त्यांचा फोटो?" म्हनलं, न्हाई. त्या म्हनल्या, "मग एक गोल मोकळा ठेवू या." तवा मामीचं नाव माझ्या तोंडात आलंच न्हाई. आता टोचतंय ते.

बोर्ड लागला त्या सकाळी आमी गावात न्हवतो. मला तपासनीला नेल्तं, सासू संगं, पोरगी बी संगं. म्हंजे टपरी बंद. आन वर काय? मॅडमनी माझा फोटू काळापांढरा केल्ता, कडंनी पिवळीजर्द झेंडूची माळ, आन जिथं 'हार्दिक शुभेच्छा' लिवत्यात ती पट्टी नुसती पिवळी, मोकळी. मला आधी सांगितलं हुतं त्यांनी, "तिथं काय लिहायचं ते बघणाऱ्यानं मनात लिहायचं." लोकांनी लिवलं. नऊ महिन्याची बाई कालपस्तोर च्या देत हुती, आज टपरीला कुलूप आन वर माळंत काळापांढरा फोटू. खाली पोरीचं तोंड, नवऱ्याचं, सासूचं, शोकाकुल मंडळी असत्यात तसं. शेळीकडं कुनाचं ध्यान गेलं न्हाई. एकानं मोबाईलवर फोटू काढला आन तालुकाभर गेला.

आमी टेम्पोतून उतरलो तर घरापुढं मानसं बसलेली. टोप्या, धोतरं, बाया पदर तोंडाला लावून. मला वाटलं सासऱ्यांच्या भावकीतलं कुनी गेलं. एक म्हातारे नाना हायेत, रोज आमच्याकडं उधारीवर च्या पित्यात, ते मला बघून धोतर सावरत उठलेच. "आगं तू!"

"व्हय नाना, मी."

"मंग फाट्यावर कोन हाय?"

"ती बी मीच हाय नाना."

"आन मंग," नाना म्हनले, "तू गेलीस कवा आन आलीस कवा?"

मागल्या आळीची काकू दुरडीत पिठलं-भाकरी घिऊन आल्ती. सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाई म्हनून शेजारच्यांनी आनायची असती तशी. ती म्हनली, "बरं, आता आनलंच हाय तर खाऊन घ्या." तवा सासू जी भडकली! "आमची चूल पेटती हाय! हिच्या हातचा च्या प्यालाव ना रोज? मंग तिच्या नावाचं पिठलं आनता? न्ह्या ते आधी! उंबऱ्याच्या आत आनायचं न्हाई!" बोलता बोलता सासूचाच आवाज फाटला. मी तिला कधी आसं बघितलं न्हवतं. मी भिंतीला टेकले. पोटात बाळ हाललं का न्हाई तेच कळंना. मला एकच दिसत हुतं. मानसं बसल्यात, पिठलं आलंय, आन मी हुबं राहून बघती. माझंच.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मामीचा. तिच्याकडं आमचा एवढाच नंबर. मी उचलला. ती रडत हुती. तिला वाटलं पोरीच्या पप्पांनी उचललाय. मी जरा उशिरा बोलले. ते मागून सांगते. मंग म्हनले, "मामी, मी हाय." मंग तिनं मला ज्या शिव्या दिल्या, त्या तू बी कधी आयकल्या नसशील. मला दिल्या, मॅडमला दिल्या, फोटू पाठवनाऱ्याच्या सात पिढ्यांला दिल्या, आन फोन आपटला.

मॅडमना कुनीतरी कळवलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तर तोंड पांढरं पडलेलं. सासूच्या पाया पडाया लागल्या. "आजी, चुकलं माझं. मी आत्ता उतरवते." संगं शिडीवाला घिऊनच आल्त्या. फाट्यावर निम्मं गाव गोळा झालं. पोरीचे पप्पा म्हनले, "उतरवू नका, पट्टी मोकळी हाय तिथं लिवा, जिवंत हाय म्हनून." कुनी म्हनलं, "वाढदिवस लिवा." नाना म्हनले, "च्या दहा रुपये लिवा." सासू एकच धरून बसली, उतरवा, उतरवा, जितेपनी माळ घालत न्हाईत. शिडी लावली. आन मंग ती पिठल्याची काकू पुढं झाली. म्हनली, "थांबा रं. ह्यो तर कावळा बसल्यातला परकार झाला. बातमी गेली, मानसं रडली, आता उलट आयुष्य वाढलं पोरीचं. रडून झाल्यावर कशाला उतरवता?"

मॅडमना काय कळंना. त्या इचारत्यात, कावळा कुठून आला? काकू त्यांना समजून सांगाया लागली. डोक्यावर कावळा बसला तर त्यो मरनाचा सांगावा असतो. मंग त्या मानसाच्या माहेरी, नात्यात, खोटाच निरोप धाडायचा, गेला म्हनून. ती मानसं रडली, टिपं पडली, का अरिष्ट त्याच्यावरच फिटतं. मानूस वाचतं. मॅडम आयकत हुत्या. मी बी आयकत हुते, पन माझे पाय तिथं न्हवते. मी उसाच्या फडात हुते.

तुझ्या डोक्यावर बसला हुता ना आये. मोळी बांधताना, वाकलेली असताना. फडफड झाली, तू हात झाडला, पदराला पिसाचं काळं लागलं. मी शेजारीच उसाच्या शेंड्याची वाढं गोळा करत हुते. बाया लगेच म्हनल्या, भावाला निरोप धाड. ट्रकचा ड्रायव्हर रोज तुझ्या भावाच्या कारखान्याकडं जातो, त्याच्यासंगं सांग, मेली म्हनून. तू न्हाई म्हनलीस. "माझा भाऊ कोयता टाकून पळत यील. मुकादम त्याचा खाडा धरील." बाया म्हनल्या, आगं खोटंच तर रडायचंय. तवा तू जे म्हनलीस ते मला आजून तुझ्याच आवाजात आयकू यतं. "खोटं रडं कुठं असतंय का? आपल्याला खोटं. रडनाऱ्याला ते खरंच." बाया म्हनल्या, हिला लई शानपन. तू हसलीस, डोक्याला पानी लावलंस आन परत मोळी बांधाया लागलीस. त्याच हंगामात तू गेलीस. मी लहान हुते, पन तवापासून माझ्या मनात बसलंय, का एक निरोप धाडला असता तर. मास्तरीन म्हनायची ह्या अंधश्रद्धा. असतील. पन मास्तरनीची आई कोपीत न्हाई गेली.

सगळे माझ्याकडं बघत हुते. शिडीवाला वर चढून बसलेला. मॅडम म्हनल्या, "तुम्ही सांगा, ताई. तुमचा चेहरा आहे." मी वर बघितलं. एवढं मोठं माझं तोंड, मला भ्यावच वाटलं. डांबरीकडं बघनारे ते डोळे, जसं कुनाची तरी वाट बघत हुबी हाय. मी म्हनले, "ऱ्हाऊ द्या. मी दवाखान्यातून आल्यावर माझ्या हातानं सोडीन. पन एक सांगते, हे छपराला घालायचं न्हाई. शेळीच्या बी न्हाई, कुनाच्याच न्हाई." पोरीच्या पप्पांना त्याचा अर्थ कळला न्हाई. सासू लई बोलली, मंग गप झाली. शिडीवाला उतरला. मॅडमच्या डोळ्यात पानी आल्तं. जाताना म्हनल्या, "मला वाटलं होतं लोक थांबून बघतील, विचारतील, ही कोण." म्हनलं, "थांबले की मॅडम. बसले बी."

मामी त्या दिवशी सांजच्या येष्टीनं आली. हातात पिशवी, चपला धुळीनं माखलेल्या. आधी घरी आली न्हाई, फाट्यावर उतरून बोर्डाखाली हुबी ऱ्हायली. मी टपरीतून बघते तर ती वर बघती. मंग माझ्याजवळ आली आन काय बी न बोलता माझे दोन्ही दंड चाचपले, पोटावर हात ठिवला, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आन लगेच, "आगोचर! फोटू काढायची हौस आल्ती भवानीला!" म्हनून च्या मागितला. फोनचं तिनं काढलं न्हाई. मी बी न्हाई. मंग बशी फुकता फुकता म्हनली, "त्यो मोकळा गोल कुनाचा?"

"आईचा. फोटू न्हाई ना."

तिच्या बशीतल्या च्यावर साय धरली. मंग म्हनली, "मोबाईलवर आलं तवा मला वाटलं ननंदच हुबी हाय. नाक, कपाळ, सगळं तिचं. मला वाटलं तिचा फोटू कुठून गावला. मंग पोरीचं तोंड दिसलं खाली, तवा कळलं तू." तिनं पदरानं नाक पुसलं. "नीट बघ येकदा. तुला तिचं तोंड आठवत न्हाई म्हनतीस ना."

मी बघते आये, रोज बघते. कधी वाटतं दिसलीस. कधी वाटतं मामीनं माझ्या समाधानासाठी म्हनलं. भ्याव काय गेलं न्हाई. उद्या टेम्पो ह्या फाट्यावरूनच जानार, दुधाचे कॅन उतरवून मला मागं निजवनार. निजल्यावर वर मोकळं आभाळ दिसंल का पोरीचे पप्पा ताडपत्री घालत्यात, माहीत न्हाई. मी सांगितलंय, ताडपत्री नगं, ऊन लागलं तरी चालंल.

मामी परत गेली न्हाई. म्हनली, ही दवाखान्यातून येईस्तोवर पोरगी माझ्यापाशी. आता हितून घराचा वटा दिसतोय. पोरगी तिच्या पुढ्यात बसली आन मामी तिच्या डोक्याला तेल घालती, वाटीतून, आधी तिच्याच. पोरगी हात जोडून बसलीय, बोर्डावानी. मामी तिला काय तरी म्हनली, ती खदखदा हसली.

हे कागद मी पिशवीत घालनार न्हाई. दवाखान्यात कुनी बी पिशवी उचकतं. टपरीच्या पत्र्याखाली वाशाला खोचते. पन ते मागून सांगते म्हनले हुते, ते ऱ्हायलं.

फोन उचलला तवा मामी म्हनत हुती, "जावाईबापू, माझी लेक गेली हो. तुमी का न्हाई सांगितलं. माझी लेक गेली, आन मी तिला कधी जवळ घेतलं न्हाई." तिला वाटलं पलीकडं पोरीचे पप्पा रडत्यात, म्हनून बोलत न्हाईत. ती रडत ऱ्हायली. लेक, लेक करत ऱ्हायली. मी एक शबुद बोलले असते तर थांबली असती. मी न्हाई बोलले. मोबाईल कानाला दाबून भिंतीला टेकून हुबी ऱ्हायले, ती दमूस्तोवर.

आता सगळ्यांना वाटतंय, टिपं पडली, अरिष्ट फिटलं. मामीला बी वाटतंय मी टिपांसाठीच गप ऱ्हायले, म्हनून ती फोनचं काढत न्हाई. मी बी सोताला तेच सांगत हुते, का पोटातल्यासाठी गप बसले, तू जे केलं न्हाईस ते मी केलं. पन कावळ्याचं काकूनं दुसऱ्या दिवशी काढलं आये. मोबाईल कानाला हुता तवा मला कावळा आठवला न्हवता, पोट आठवलं न्हवतं, तू बी न्हाई. मला नुसतं ते आयकायचं हुतं. आसल्या टिपांनी अरिष्ट फिटतं का न्हाई, कुनाला इचारू.